रिंग, सरळ लाइन आणि फाटे : घरातलं मिसळलेलं वायरिंग कसं तपासायचं

खानापूर तालुक्यातल्या एका घरातून मला बोलावणं आलं होतं. पुढं स्लॅबच्या तीन खोल्या, मागं जुनं मंगलोरी कौलांचं स्वयंपाकघर. तक्रार एकच, फ्रिजमागच्या बोर्डाजवळ संध्याकाळी जळका वास येतो. घरातले काका म्हणाले, "सगळे प्लग चालतात की! एमसीबीपण कधी पडत नाही. मग वास कसला म्हणायचा?" बोर्ड उघडला तर काळ्या वायरीचं इन्सुलेशन बोटभर तपकिरी होऊन कडक झालेलं. नखानं दाबलं तर पापडासारखं तुटलं. स्क्रू घट्ट होता, वायरही चांगल्या कंपनीची होती. दोष तिथं नव्हताच. दोष हॉलमधल्या टीव्हीच्या बोर्डात होता, तिथली न्यूट्रलची एक वायर स्क्रूमधून सुटून पाइपच्या तोंडाशी टेकली होती.

त्या घराचं वायरिंग आखाती देशात काम करून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं तिकडच्या पद्धतीनं केलं होतं, रिंग टाकून. डीबीतून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीतून, निघालेली २.५ चौरस मिमीची वायर स्वयंपाकघर, मागची खोली, हॉल असं फिरून परत डीबीत आलेली आणि त्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. टीव्हीजवळ न्यूट्रल तुटल्यावर अख्ख्या घराचा परतीचा करंट एकाच बाजूनं, फ्रिजमागच्या त्या एका काळ्या वायरीतून जात होता. संध्याकाळी गिझर, इंडक्शन आणि मिक्सर एकदम चालले की ती तापायची. एमसीबीला ते कळायचं कारण नाही, ३२ च्या आत होतं सगळं. टेस्ट लॅम्प कुठल्याही प्लगमध्ये घाला, झकास लागायचा.

आयटीआय करून नव्यानं कामाला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. बोर्ड भरणं, पाइप टाकणं, वायर ओढणं तुम्हाला येतं. पण प्लग चालतो यावरून वायरिंग बरोबर आहे असं ठरवायची जी सवय आपल्या धंद्यात आहे, ती रिंगच्या घरात माणसाच्या जिवावर बेतू शकते. रिंग तुटली तरी सगळं चालत राहतं. तुटल्याचं फक्त मीटर सांगतो, आणि तोही नीट लावला तरच.

आधी ओळख

सरळ लाइन, म्हणजे रेडियल, आपल्या ओळखीची. एमसीबीतून निघाली, एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप होत शेवटच्या पॉइंटला संपली. रिंग शेवटी परत त्याच एमसीबीला येते, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही. नळाच्या लाइनीला दोन्हीकडून पाणी सोडावं तसं प्रत्येक सॉकेटला दोन वाटांनी करंट मिळतो. फाटा म्हणजे रिंगमधल्या एखाद्या सॉकेटवरून बाजूला काढलेली सरळ लाइन. नंतर एखादा प्लग हवा झाला, बाल्कनीत मशीन ठेवलं, माडीवर खोली चढवली, की फाटा निघतो.

रिंगची पद्धत ब्रिटनमधली, दुसऱ्या महायुद्धानंतर तांबं वाचवण्याच्या गरजेतून आलेली. तिच्यासोबत १९४७ साली १३ अँपिअरचा प्लग आला, आणि त्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो. रिंगवर ३० किंवा ३२ अँपिअर ठेवता येतं ते त्या फ्यूजच्या भरवशावर, कारण उपकरणाची दोरी, म्हणजे प्लगपासून उपकरणापर्यंतची वायर, तो फ्यूज सांभाळतो. आपल्याकडच्या ६ आणि १६ अँपिअरच्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आपल्या सॉकेटांची रिंग सापडली तर तिच्यावर ३२ चा एमसीबी ठेवू नका, १६ चा लावा. रिंग उद्या तुटली तरी एकेरी २.५ ची वायर तेवढं पेलते. गिझरला आणि एसीला ४ चौरस मिमीची वेगळी सरळ लाइन द्या.

आपल्या भागात मुद्दाम टाकलेल्या रिंग थोड्या, नकळत झालेल्या जास्त. बेळगावात शहापूर, वडगावकडच्या जुन्या लांबट घरांत हे फार दिसतं. भावाभावांत वाटणी होते, मधली भिंत पडते किंवा नवी उभी राहते, एक वायरमन स्वयंपाकघराच्या प्लगवरून लाइन ओढतो, दुसरा सोप्यातल्या प्लगवरून ओढतो, आणि मधल्या खोलीच्या बोर्डात दोन्ही एकाच स्क्रूखाली येतात. दोन वेगवेगळ्या एमसीबींच्या लाइनी अशा जोडल्या गेल्या की एक एमसीबी पाडूनही बोर्ड जिवंत राहतो. ही सगळ्यात वाईट रिंग. तिच्याकडं पुढं येतोच.

हत्यारं

साधा मल्टिमीटर या कामाला पुरत नाही. घरातल्या रिंगचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आतबाहेर असतो. साध्या मल्टिमीटरच्या नुसत्या लीडच ०.२ ते ०.३ ओहम खातात आणि मोजणी ०.१ च्या टप्प्यानं होते. त्यात ०.१७ आणि ०.२७ मधला फरक कसा दिसणार? ०.०१ ओहमपर्यंत वाचणारा आणि किमान २०० मिलिअँपिअर करंट सोडणारा कंटिन्युइटी मीटर हवा. बहुतेक चांगल्या मेगरमध्ये ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टबरोबर हाही भाग असतो. मोजणीआधी दोन्ही लीड एकमेकींना लावून मीटर शून्य करून घ्यायचा. पोरं हे विसरतात आणि मग सगळी रीडिंग फुगलेली येतात.

याशिवाय दोन प्रोबचा व्होल्टेज टेस्टर, आरसीसीबी टेस्टर (आरसीसीबी म्हणजे करंट अर्थकडं गळला की लाइन तोडणारा स्विच), फेज-अर्थची पूर्ण वाट मोजणारा लूप टेस्टर, अर्थिंगचा खड्डा मोजणारा अर्थ टेस्टर. शेवटचे तीन महागडे आहेत, सुरुवातीला भाड्यानं किंवा मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडून मागून आणा. खिशातला निऑनचा टेस्टर लाइन बंद आहे हे ठरवायला वापरू नका. उजेडात तो दिसत नाही, आणि कोरड्या लाकडी पाटावर उभं राहिलात तर जिवंत वायरीवरही लागेलच असं नाही.

मी स्वतः तयार केलेली एक वस्तू सांगतो. १६ अँपिअरचा प्लग टॉप घेऊन आत फेज आणि न्यूट्रलची पिन तांब्याच्या तुकड्यानं शॉर्ट केली आहे. वरून पूर्ण लाल टेप गुंडाळली आहे, आणि तो मेन स्विचच्या कुलुपाच्या किल्लीला दोरीनं बांधलेला असतो. प्लग सॉकेटमध्ये राहिला तर किल्लीही तिथंच राहते, त्यामुळं कुलूप उघडून मेन चालू करता येत नाही. अशी वस्तू सुटी कधीच ठेवायची नाही.

लाइन खरोखर बंद करणं

मेन पाडला, कुलूप लावलं, तरी घर बंद झालं असं समजू नका. आपल्याकडं घरोघरी इन्व्हर्टर आहे. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइन गेली की तो आपोआप चालू होतो आणि तुम्ही उघडलेल्या त्याच बोर्डात २३० व्होल्ट सोडतो. मला पहिला जोराचा झटका असाच बसला. मेन माझ्याच हातानं पाडला होता, आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवलेल्या इन्व्हर्टरचा विचारच केला नव्हता. डावा हात खांद्यापर्यंत दोन दिवस जड होता. तेव्हापासून घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न हाच : "काकू, इन्व्हर्टर कुठं ठेवलाय?" त्याचा इनपुट काढायचा, आउटपुट काढायचा, चेंजओव्हर असेल तर मधे ठेवायचा. छतावर सोलर असेल तर त्याचा आयसोलेटरही पाडायचा.

मग टेस्टर आधी कुठंतरी जिवंत जागी लावून तो चालतो याची खात्री करा, नंतर काम करायच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही तपासा, आणि पुन्हा जिवंत जागी लावून बघा. तिसऱ्यांदा बघायचं कारण, मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर "बंद आहे" हे उत्तर खोटं ठरतं.

घरातलं सगळं प्लगमधून काढा. फ्रिज, वॉशिंग मशीन, वॉटर प्युरिफायर, राउटर, देवघरातल्या दिव्याची माळ. एखादं उपकरण लागलेलं राहिलं तर पुढची सगळी रीडिंग त्याच्या पोटातून येतील आणि तुम्ही तास घालवाल. सॉकेटांचे स्विच मात्र चालू ठेवा, नाहीतर फेजच मिळणार नाही.

डीबीत काय काय आलंय

आता डीबीचं झाकण काढा आणि घाई करू नका. एमसीबीच्या खालच्या टोकाला एकच वायर असेल तर बहुधा सरळ लाइन. दोन असतील तर एकतर रिंगची दोन टोकं, नाहीतर दोन सरळ लाइनी. तीन असतील तर रिंग आणि तिथूनच काढलेली एक लाइन असण्याची शक्यता जास्त. अंदाज वहीत लिहा, पण विश्वास मीटरवर ठेवा. वायरी एमसीबीतून काढा, प्रत्येकीला टेपचा झेंडा लावून नंबर द्या आणि आपसांत मोजा. ज्या दोघींमध्ये अर्ध्या ओहमच्या आसपास रीडिंग येतं त्या रिंगच्या. जिचं कुणाशीच जमत नाही ती सरळ लाइन.

न्यूट्रल लिंकमध्ये दहा-बारा काळ्या वायरी एका रांगेत बसलेल्या असतात, त्यातल्या रिंगच्या दोन कुठल्या हे ओळखायला तो लाल प्लग कामाला येतो. सगळ्या न्यूट्रल सुट्या करायच्या, रिंगवरच्या एखाद्या सॉकेटमध्ये प्लग घालायचा, आणि रिंगच्या फेजशी ज्या काळ्या वायरी बोलतात त्या वेगळ्या काढायच्या. दोन निघायला हव्यात. एकच निघाली तर न्यूट्रल कुठंतरी तुटलेला आहे, किंवा त्याची दुसरी बाजू भलत्याच सर्किटच्या न्यूट्रलला जाऊन मिळाली आहे. अर्थ पट्टीवरच्या हिरव्या वायरींचंही असंच, फक्त तिथं फेज आणि अर्थ तात्पुरता जोडून.

याच टप्प्यावर वेगवेगळ्या एमसीबींच्या सुट्या फेज एकमेकींशी मोजा. उत्तर 'उघडं' यायला हवं. ०.४ ओहम वगैरे आलं तर वर सांगितलेली वाईट रिंग सापडली. ती शोधून मधल्या बोर्डात तोडल्याशिवाय पुढं जायचं नाही. त्या बोर्डात उद्या कुणीतरी एमसीबी पाडून, निर्धास्त होऊन हात घालणार आहे. न्यूट्रलचंही तसंच बघा. दोन सर्किटांचे न्यूट्रल आत कुठं जोडलेले असतील तर डीबीत दोन आरसीसीबी बसवल्यावर ते विनाकारण पडत राहतात. मग एखादा कंटाळलेला माणूस आरसीसीबीच काढून टाकतो. असे काढून टाकलेले आरसीसीबी मी खूप घरांत पाहिलेत.

रिंगच्या तीन मोजण्या

उदाहरण धरू. रिंगची लांबी ४२ मीटर, फेज आणि न्यूट्रल २.५ चौरस मिमी, अर्थ १.५. आपण वापरतो त्या अनेक तारांच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स २० अंश तापमानाला १.५ साठी मीटरला १३.३ मिलिओहम, २.५ साठी ७.९८ आणि ४ साठी ४.९५ पर्यंत असतो. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिली मोजणी टोक ते टोक. फेजच्या दोन टोकांत मीटर लावा, मग न्यूट्रलच्या, मग अर्थच्या. या घरात फेज ०.३४, न्यूट्रलही ०.३४ च्या जवळ आणि अर्थ ०.५६ यायला हवा. अर्थची वायर बारीक असल्यानं तिचं रीडिंग फेजच्या १.६७ पट असतं. फेज आणि न्यूट्रलमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक दिसला तर कुठंतरी स्क्रू ढिला आहे. मेच्या उन्हात आकडे पाच-सहा टक्के जास्त येतील, त्यानं घाबरू नका. रीडिंग आलंच नाही तर ती वायर तुटलेली. खानापूरच्या त्या घरात फेज ०.३४ आणि अर्थ ०.५७ आला, न्यूट्रलला मीटरनं काहीच दाखवलं नाही. तीन मिनिटांत कळलं, भिंतीला हात न लावता.

पण टोक ते टोक बरोबर आलं म्हणून थांबू नका. मधे कुणी दोन बोर्डांत आडवी वायर टाकून शॉर्टकट केला असेल तर तो या मोजणीत दिसत नाही. फाटेही दिसत नाहीत.

दुसरी मोजणी आडव्या जोडणीची. पहिल्या टोकाचा फेज दुसऱ्या टोकाच्या न्यूट्रलला जोडा, आणि दुसऱ्या टोकाचा फेज पहिल्या टोकाच्या न्यूट्रलला. आता प्रत्येक सॉकेटवर जाऊन फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजा. रिंगवरच्या सगळ्या सॉकेटांत जवळजवळ तोच आकडा यायला हवा, फेज आणि न्यूट्रलच्या बेरजेचा चौथा भाग. इथं ०.३४ अधिक ०.३४ म्हणजे ०.६८, भागिले ४, म्हणजे ०.१७.

नवी पोरं इथंच हमखास चुकतात. आडवं जोडायच्याऐवजी एकाच टोकाचे फेज-न्यूट्रल एकत्र जोडतात. मग डीबीजवळच्या सॉकेटात रीडिंग जवळजवळ शून्य येतं, पुढं वाढत जातं, मध्यावर ०.१७ होतं आणि परत उतरतं. असा चढउतार दिसला की घराला दोष द्यायच्या आधी डीबीत येऊन आपली जोडणी बघा. टोकांची अदलाबदल करून पुन्हा मोजा. तरीही आकडे एकसारखे आले नाहीत, तर मात्र आत शॉर्टकट आहे.

एखाद्याच सॉकेटला जास्त आकडा आला तर तो फाटा. सहा मीटरच्या फाट्यावर फेज-न्यूट्रल मिळून जवळपास ०.१० ची भर पडते, म्हणजे ०.१७ च्या जागी ०.२७ दिसेल. यावरून फाट्याची लांबीही काढता येते, जास्तीच्या ओहमना ०.०१६ नं भागा. मात्र ढिला स्क्रूही असाच आकडा देतो, म्हणून बोर्ड उघडून खात्री करा. सॉकेटवर फेजची एकच वायर असेल तर फाट्याचं शेवटचं टोक. दोन असतील तर रिंगवरचं सॉकेट, किंवा फाट्यावरून पुढं आणखी फाटा काढलेला. नुसत्या वायरी मोजून हे कळत नाही, आकडा आणि वायरी दोन्ही एकत्र बघायचे. फाट्याला पुन्हा फाटा सापडला आणि त्याच्या टोकाला इस्त्री किंवा गिझर असेल, तर ती लाइन रिंगवरून काढून डीबीतून स्वतंत्र द्या. घरमालकाला थोडा खर्च येतो, पण हा खर्च मी कधी टाळू देत नाही.

तिसरी मोजणी तशीच, फक्त न्यूट्रलच्या जागी अर्थ. न्यूट्रल सुटे ठेवा. फेज आणि अर्थ आडवे जोडून प्रत्येक सॉकेटवर फेज-अर्थ मोजा. ०.३४ आणि ०.५६ ची बेरीज भागिले ४, साधारण ०.२२. दोन वायरींची जाडी वेगळी असल्यानं डीबीजवळ ०.२१ आणि मध्यावर ०.२२ असा किंचित फरक पडतो, तो चालतो. फाट्यावर त्याच सहा मीटरसाठी ०.३५ च्या आसपास येईल. या रीडिंगमधला सगळ्यात मोठा आकडा वहीत गोल करा.

याच वेळी सॉकेटचा स्विच एकदा बंद करून बघा. रीडिंग गेलं पाहिजे. स्विच बंद करूनही रीडिंग राहिलं तर स्विच न्यूट्रलमध्ये बसलेला आहे, म्हणजे स्विच बंद असताना सॉकेटच्या छिद्रात फेज जिवंत. आणि रीडिंग मुळात आलंच नाही तर फेज-न्यूट्रल उलटे लागलेत का ते बघा. समोरून बघताना फेज उजवीकडं, न्यूट्रल डावीकडं, अर्थ वर.

सरळ लाइनींची मोजणी

ही सोपी. डीबीत त्या लाइनचा फेज अर्थला जोडा आणि प्रत्येक पॉइंटवर मोजा. डीबीपासून जसजसं लांब जाल तसा आकडा वाढला पाहिजे. मधेच कमी झाला किंवा दोन लांबच्या पॉइंटला अगदी सारखा आला, तर ती लाइन सरळ नाही, कुठंतरी मिळालेली आहे. लाइटच्या लाइनीत प्रत्येक होल्डरपर्यंत जाऊन स्विच चालू-बंद करून बघा.

अर्थ न मिळणारा पॉइंट सापडला तर बोर्ड उघडाच. जुन्या घरात अर्थची वायर नसली की काही जण सॉकेटची अर्थ पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडतात. वॉशिंग मशीनवाल्याला दाखवायला ते बरं दिसतं. पण त्या बोर्डाचा न्यूट्रल मागं कुठं सुटला की मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो. सगळं सुटं असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं की ही जोडणी लगेच पकडता येते, तिथं रीडिंग यायलाच नको.

इन्सुलेशन

मोजणीसाठी केलेल्या सगळ्या तात्पुरत्या जोडण्या काढा, एकेक मोजून. मग मेगर ५०० व्होल्टवर ठेवा. एलईडी बल्ब, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डीबीतला सर्ज अरेस्टर आणि इन्व्हर्टर लाइनीतून वेगळे केलेले हवेत, नाहीतर ते जळतील किंवा खोटं रीडिंग देतील. बोर्डावरच्या लाल इंडिकेटरमुळंही फेज-न्यूट्रलमध्ये एक मेगओहमच्या खाली आकडा येतो. सगळं सुटं करणं शक्य नसेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा, त्यात उपकरणांना धोका नाही.

किमान १ मेगओहम हवा. नवं वायरिंग असेल तर शेकड्यांनी येतं, आणि नव्या घरात ३-४ आला तर मी समाधानी राहत नाही, कुठंतरी खिळा किंवा सिमेंटनं कापलेली वायर असते. जुन्या घरात ऋतू बघावा लागतो. कणकुंबी, जांबोटीकडं जुलै-ऑगस्टमध्ये भिंती महिनोन्महिने ओल्या असतात, पाइपात पाणी उतरतं. तिथं मार्चमध्ये ५० मेगओहम देणारी लाइन पावसात २ वर आलेली मी मोजली आहे. अशा घराची तपासणी पावसातच करा. अथणीकडच्या कोरड्या हवेत हा प्रश्न सहसा नसतो, तिकडं उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जास्त.

लाइन चालू केल्यावर

हा भाग परमिटधारक माणूस शेजारी असल्याशिवाय नव्या पोरानं करू नये.

आपल्याकडं खांबावरून फेज आणि न्यूट्रल येतो, अर्थ घराच्या स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा. याचा परिणाम हिशोबानं बघा. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स ८ ओहम, ट्रान्सफॉर्मरकडचा २. गिझरमध्ये फेज पत्र्याला लागला तर करंट २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ वर तो तासभरही टिकू शकतो. तेवढा वेळ तुमच्या अर्थच्या वायरीवर, म्हणजे घरातल्या प्रत्येक पत्र्यावर, २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट उभे असतात. वर इतक्या काळजीनं मोजलेले ०.२२ आणि ०.३५ या १० ओहमपुढं काहीच नाहीत. म्हणून आपल्याकडं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, रिंग असो वा नसो.

खानापूरच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा पार कोरडा पडतो, चिकोडीकडची काळी माती ओल धरून ठेवते. अर्थ टेस्टरनं खड्डा एप्रिल-मेमध्ये मोजा. पावसाळ्यातलं सुंदर रीडिंग बघून खूश होऊ नका.

आरसीसीबी टेस्टरनं बघा : १५ मिलिअँपिअरला पडू नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडावा, १५० ला ४० मिलिसेकंदांच्या आत. झाकणावरचं टेस्टचं बटण फक्त आतली यंत्रणा हलते का ते सांगतं, तुमची अर्थ वायर शाबूत आहे का ते सांगत नाही. लूप टेस्टर लावताना आरसीसीबी पडत असेल तर टेस्टरचा न पाडणारा मोड वापरा. आरसीसीबीला बगल देऊन, म्हणजे बायपास करून मोजू नका.

डीबीच्या दाराच्या आत

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे. एका कागदावर डीबीतल्या प्रत्येक एमसीबीसमोर लिहा, ही रिंग की सरळ लाइन, कुठल्या खोल्या, कुठले फाटे कुठल्या सॉकेटवरून निघालेत. रिंग असेल तर टोक ते टोकचे तीन आकडे आणि तपासणीचा महिना. फोटोला लावतो तसलं प्लास्टिकचं पाकीट दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून त्यात तो कागद ठेवा. मी खोल्यांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहितो. कन्नड मला फार सफाईनं लिहिता येत नाही, बरोबरच्या पोराकडून लिहून घेतो. पुढच्या वेळी त्या घरात येणारा वायरमन निपाणीचा असेल की गोकाकचा, सांगता येत नाही, आणि त्याला कुठला एमसीबी पाडायचा हे नीट वाचता आलं पाहिजे.